बेटांना नावे देण्याआधी प्रयोगशाळेचा रकाना मागवा

आपण लिहिले आहे की विहिरींच्या पाण्याच्या नमुन्यांचे चौदा रकाने टी-स्नीला (अनेक रकान्यांचे नमुने एका सपाट चित्रात ठिपक्यांनी मांडणारी पद्धत) दिले, ठिपक्यांची पाच स्वच्छ बेटे उमटली आणि आता अहवालात त्या पाच जलप्रकारांना कोणती नावे द्यावीत एवढेच ठरायचे राहिले आहे. वाचताना मला माझाच जुना अहवाल आठवला, म्हणून सविस्तर लिहितो. मी भूजलतज्ज्ञ नाही. माझा अनुभव मातीच्या नमुन्यांचा आहे, तेव्हा पाण्याबाबत जे लिहितो ते जाणकाराकडून पडताळून घ्यावे. प्रमाणीकरण (सगळे रकाने एका मापात आणणे) वगैरे गोष्टी आपण केल्याच असतील असे धरून चालतो.

माझ्याकडे बारा रकाने होते: सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. प्रत्येक रकान्यातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. चित्रात चार बेटे आली, मी त्यांना मृदाप्रकारांची भारदस्त नावे दिली, आणि सादरीकरणात एका कृषी सहायकाने शांतपणे विचारले की एकाच बांधाच्या दोन बाजूंची शेते दोन वेगळ्या बेटांवर कशी गेली.

उत्तर सापडायला दीड महिना लागला. नमुने दोन प्रयोगशाळांत तपासले गेले होते. एकीने नत्र, स्फुरद आणि पालाश हेक्टरी किलोत दिले होते, दुसरीने पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग), आणि पंधरा सेंटिमीटर जाडीच्या थरासाठी या दोन एककांत साधारण २.२४ पटींचा फरक पडतो. प्रमाणीकरण अख्ख्या रकान्याला एकाच मापाने भागते, म्हणून रकान्याच्या आतच दोन एकके मिसळली असतील तर ती दरी तशीच राहते; इथे तर तीन रकाने एकदम सरकले होते. उरलेली फाळणी बोरॉनने केली होती. यंत्राच्या मोजमर्यादेखालचे आकडे कोणीतरी सरसकट शून्य लिहिले होते आणि मी लॉग घेण्यासाठी त्यांत एक किरकोळ आकडा मिळवला, त्यामुळे ते नमुने आणखीच दूर फेकले गेले. दोन प्रयोगशाळा, प्रत्येकीत बोरॉन शून्य लिहिलेले आणि न लिहिलेले नमुने: झाली चार बेटे.

प्रयोगशाळेचे नाव मूळ फायलीत होते. ज्या कार्यालयाने मला फाइल दिली, त्याने तो रकाना अनावश्यक म्हणून आधीच काढला होता, आणि मी तो परत मागितला तेव्हा मंजूर तक्त्यात असा रकाना नाही हे मला तीन खेपांत तीन वेगळ्या टेबलांवर ऐकवण्यात आले. शेवटी नमुना क्रमांकांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून मी प्रयोगशाळा ओळखली. तरीही दोष माझाच मोठा. नावे देण्याआधी ठिपके नमुन्याच्या उगमानुसार रंगवून पाहायला पाच मिनिटेही लागली नसती.

टी-स्नी (२००८) ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही, परंतु ती प्रत्येक ठिपक्याभोवतीच्या दाटीप्रमाणे शेजाराची व्याप्ती बदलते, त्यामुळे बेटाचा आकार आणि दोन बेटांमधले अंतर यांवरून काहीही वाचता येत नाही. अक्षांना एकक नसल्यामुळे एककांचा घोळ तर त्यात बेमालूम लपतो. पर्प्लेक्सिटी, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे साधारण किती शेजारी धरायचे तो आकडा, पाचापासून पन्नासापर्यंत बदलून पाहावी. फार कमी ठेवली तर निव्वळ यादृच्छिक आकड्यांतही पुंजके दिसतात. आणखी एक कसोटी मला विशेष उपयोगी वाटते: प्रत्येक रकान्यातील आकडे स्वतंत्रपणे पिसून पुन्हा चित्र काढावे. तरीही बेटे दिसली, तर ती रकान्यांच्या परस्परसंबंधांतून आलेली नाहीत. याच कामाची दुसरी पद्धत, यूमॅप, वेगवान आहे, पण त्याच्या चित्रालाही नावे देण्यापूर्वी हीच खबरदारी लागते.

माझे मत एकांगी वाटेल, पण अहवालासाठी मी आधी पॅरलल कोऑर्डिनेट्स काढतो: प्रत्येक रकान्याला एक उभा अक्ष, प्रत्येक नमुन्याची एक मोडती रेघ. मी ते उशिरा काढले तेव्हा पालाशच्या अक्षावर दोन पट्टे उघड दिसत होते. त्यानंतर पीसीए (मुख्य घटक विश्लेषण), कारण तिथे कोणता रकाना कोणत्या दिशेला किती ओढतो हे आकड्यांत सांगता येते. चेर्नॉफ यांचे १९७३ चे चेहरेही मी एकदा वापरून पाहिले; त्यांत प्रत्येक नमुन्याचा एक चेहरा काढतात आणि प्रत्येक रकाना चेहऱ्याच्या एका वैशिष्ट्याला जोडतात. सामू हसण्याला जोडल्यामुळे सर्वांत चोपण, म्हणजे जास्त सामूची, जमीन सर्वांत आनंदी दिसली.

आपण सगळे हे शिकतो ते आयरिसच्या १५० फुलांच्या मोजमापांवर, जी संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या १९३६ च्या लेखामुळे प्रसिद्ध झाली. त्यांतील सेटोसा आणि व्हर्सिकलर ही फुले एडगर अँडरसन यांनी कॅनडातील गास्पे द्वीपकल्पावर एकाच कुरणातून, एकाच दिवशी तोडली होती, आणि ती एकाच व्यक्तीने एकाच उपकरणाने मोजली होती. आपल्या वाट्याला असा डेटा येत नाही.

पाण्याबाबत एककांचे सापळे मातीपेक्षा जास्त असावेत. नायट्रेट हे नायट्रेट म्हणून दिले आहे की नायट्रोजन म्हणून, यात सुमारे ४.४ पटींचा फरक असतो. कॅल्शियम तसाच दिला आहे की कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, यात अडीच पटींचा. धन आणि ऋण आयनांच्या बेरजा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (आयनांचा विद्युतभार धरणारे एकक) जुळतात का, हे प्रत्येक नमुन्यासाठी तपासा. फरक पाच-दहा टक्क्यांपलीकडे गेला तर आधी तो नमुना बाजूला काढा. शिवाय आपल्या क्षेत्रात १९४४ पासून पायपर आकृती आहे, जी प्रमुख आयन दोन त्रिकोणांत आणि एका समभुज चौकोनात मांडते. त्या आकृतीत पाच गट दिसत नसतील, तर टी-स्नीच्या पाच गटांवर मी तरी सही करणार नाही.

माझ्या दुरुस्त चित्रात चार बेटांऐवजी एकच लांबट ढग उरला, एका टोकाला चुनखडीयुक्त काळी जमीन आणि दुसऱ्या टोकाला उतारावरची हलकी. मधली सगळी शेते कोणत्याही नावात बसत नव्हती, म्हणून अहवालात नावांऐवजी मी सामू आणि सेंद्रिय कर्ब यांचे दोन साधे नकाशे जोडले.