मतदानाच्या दिवशी अडायचे नसेल तर : वाचकांचे प्रश्न

मतदानाविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः लोकसभा आणि विधानसभेला धरून आहेत. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले नियम जिथे वेगळे आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : दर निवडणुकीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो. ‘यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून कलम ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर्ड मते पडली तर तिथे फेरमतदान होते.’ यात तथ्य किती? (मिरज)

उत्तर : काहीच नाही. मतदार यादीत नाव नसेल तर कुठलेही कार्ड दाखवून त्या दिवशी मत देता येत नाही. केंद्राध्यक्षांना नाव घालण्याचा अधिकारच नसतो.

चॅलेंज व्होट ही मतदाराने मागायची गोष्ट नाही. उमेदवाराच्या केंद्रात बसलेल्या प्रतिनिधीला समोरचा मतदार बोगस वाटला, तर तो २ रुपये भरून त्याच्या ओळखीवर आक्षेप घेतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप खोटा ठरला तर मतदार मत देतो, खरा ठरला तर त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले जाते. टेंडर्ड मत म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असताना कागदावर दिलेले मत, आणि त्याच्या १४ टक्क्यांचा नियम तर कुठल्याच कायद्यात नाही. हा संदेश लोकांचे खरे नुकसान करतो, कारण त्याच्या भरवशावर राहून माणसे वेळेत यादी पाहत नाहीत.

प्रश्न : केंद्रावर पोहोचलो तर माझ्या नावापुढे आधीच खूण. ‘तुमचे मत झाले आहे’ असे सांगून परत पाठवले. काय करायला हवे होते? (कल्याण)

उत्तर : तिथून हलायचे नाही. थेट केंद्राध्यक्षांकडे जाऊन ‘मला प्रदत्त मत द्यायचे आहे’ असे सांगायचे. यालाच टेंडर्ड व्होट म्हणतात. निवडणूक नियमांतल्या ४९पी या नियमाने हा हक्क दिला आहे. तुमच्या ओळखीबद्दल प्रश्न विचारले जातील. उत्तरे पटली की नमुना १७ब या यादीत तुमची सही घेऊन कागदी मतपत्रिका दिली जाते. तिच्यावर खूण करून, घडी घालून ती केंद्राध्यक्षांकडेच द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते, मशीनचे बटण तुम्हाला दाबता येत नाही.

ही मते मतमोजणीत धरली जात नाहीत, आणि म्हणूनच बरेच जण ‘मग उपयोग काय’ म्हणून घरी जातात. उपयोग पुढे होतो. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते, आणि न्यायालय ही पाकिटे उघडायला लावू शकते. २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले. ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. तिथला वाद याच प्रदत्त मतांवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे २०२४ साली मुंबई उत्तर-पश्चिमचा लोकसभेचा निकाल ४८ मतांवर लागला. तुमच्या नावावर दुसरे कोणी मत देऊन गेले याची कागदोपत्री नोंद फक्त १७ब मध्ये राहते. तुम्ही परतलात तर ती चोरी झालीच नाही असे होते.

प्रश्न : ओळखपत्र आहे, आधी मतही दिले आहे, तरी नाव गळते. असे का होते? आणि मुलगी ऑगस्टमध्ये १८ वर्षांची होईल, तिचे नाव कधी लागेल? (नाशिक)

उत्तर : ओळखपत्र तुम्ही कोण हे सांगते, मताचा हक्क यादी देते. कार्ड घरी विसरले तरी पासपोर्ट, पॅन, वाहन परवाना, आधार किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक चालते. मतदार चिठ्ठी मात्र एकटी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

नाव ‘गळले’ असे वाटते तेव्हा आधी ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधा, नावावरून नको. नावात एक काना इकडचा तिकडे झाला तरी ते सापडत नाही. केंद्रांची फेररचना झाली की नाव शेजारच्या यादीभागात जाते आणि लोक जुन्या शाळेतच रांग लावतात. खरोखर वगळले गेले असेल, तर घर बदलले, दुबार नोंद आहे किंवा मयत आहे असे सांगणारा नमुना ७ कोणीतरी दिलेला असू शकतो. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

नव्या नोंदणीला नमुना ६. दुरुस्ती, घराचा बदल, कार्डाची दुसरी प्रत या सगळ्याला नमुना ८. १८ वर्षे पूर्ण झाली का हे ज्या तारखेला धरतात, तो अर्हता दिनांक पूर्वी वर्षातून एकच होता, १ जानेवारी. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार आहेत. मुलगी १ ऑक्टोबरला पात्र ठरेल, अर्ज त्याआधीही देता येतो. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. हरकतीसाठी मधले ७ दिवस लागतात, म्हणून त्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी अर्ज पोहोचलेला हवा. शंका असेल तर १९५० या क्रमांकावर विचारा.

प्रश्न : मी पहिल्यांदाच उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसणार आहे. नेमके काय पाहायचे? (सातारा)

उत्तर : मशीनविषयी भाषणे खूप होतात, पण पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर राहणारे प्रतिनिधी कमी पडतात. मतदान ७ वाजता असेल तर ९० मिनिटे आधी अभिरूप मतदान, म्हणजे मशीनची चाचणी, सुरू होते. प्रतिनिधी आले नाहीत तर १५ मिनिटे वाट पाहून अधिकारी पुढे जातात. किमान ५० मते, नोटासह (‘वरीलपैकी कोणीही नाही’) प्रत्येक बटणावर दिली जातात, आणि निकाल व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताडला जातो.

घोळ होतो तो यानंतर. क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमातले ‘क्लिअर’ विसरले की चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात. म्हणून एकूण आकडा शून्य दिसल्याशिवाय सही करू नका. चिठ्ठ्या पेटीतून काढून काळ्या पाकिटात सीलबंद झाल्या का, पेटी रिकामी आहे का, हेही डोळ्यांनी पाहा.

मतदान संपल्यावर नमुना १७क ची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. त्यात एकूण मते आणि मशीनचे व सीलचे क्रमांक असतात. मोजणीच्या टेबलावर नियंत्रण युनिटचा (मते साठवणाऱ्या मशीनच्या भागाचा) आकडा याच कागदाशी जुळवायचा असतो. प्रत हातात नसेल तर तक्रारीला आधार उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. ती केंद्रे सोडत काढून ठरतात, तेव्हाही प्रतिनिधी समोर असावा.

मतदाराने बटण एकाचे दाबले आणि चिठ्ठी दुसऱ्याची दिसली असे म्हटले, तर लेखी प्रतिज्ञापन घेऊन प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतले जाते. आरोप खोटा निघाल्यास मतदारावर कारवाई होऊ शकते. चिठ्ठी ७ सेकंद दिसते. तेवढा वेळ नजर खिडकीवर ठेवायला आपल्या मतदारांना आधीच सांगा.

प्रश्न : आजोबा ८७ वर्षांचे आहेत, चालवत नाही. (अकोला)

उत्तर : ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत नमुना १२ड द्यावा लागतो. केंद्रस्तरीय अधिकारी तो घरी आणून देतात. एकदा हा पर्याय मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

प्रश्न : नोटाला सर्वात जास्त मते पडली तर? (दापोली)

उत्तर : लोकसभा-विधानसभेत काहीच बदलत नाही. उमेदवारांत ज्याला जास्त मते तो निवडून येतो. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा निर्णय घेतला. नोटा पहिली आली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा होते. तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात, आणि दुसऱ्यांदाही नोटाच पहिली आली तर उमेदवारांत सर्वाधिक मते मिळवणारा विजयी होतो.