केमिकलनी खराब झालेला डीएनए बॅक्टेरिया स्वतः कसा दुरुस्त करतात? एकच एन्झाइम सगळं करतं का?

नाही, एकच नाही. तुम्ही बीएस्सीला आहात असं लिहिलंय म्हणून जरा खोलात सांगते, कारण शिकवताना हा भाग बरेचदा दोन ओळीत उरकतात आणि सगळ्यात भारी गोष्ट तिथेच निसटते.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा बॅक्टेरिया घ्या. एमएमएस किंवा एमएनएनजी सारखं मिथाइल देणारं केमिकल आत गेलं की डीएनएवर बऱ्याच ठिकाणी मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनचा छोटा गट) चिकटतो, आणि तो कुठे चिकटला त्यावर पुढचं ठरतं. अ‍ॅडेनिन या बेसच्या 3 नंबरच्या नायट्रोजनवर बसला तर डीएनएची कॉपी करणारं पॉलिमरेज तिथेच अडकतं, पेशी मरू शकते. ग्वानिनच्या 6 नंबरच्या ऑक्सिजनवर बसला तर पॉलिमरेज पुढे जातं पण समोर सायटोसिनऐवजी थायमिन लावून जातं, म्हणजे पेशी जगते पण म्युटेशन घेऊन.

पहिल्या प्रकारासाठी टॅग आणि अल्क-ए ही ग्लायकोसायलेज आहेत. ती खराब बेस साखरेपासून कापून काढतात, मग दुसरं एन्झाइम त्या रिकाम्या जागी धागा कापतं, पॉलिमरेज भरतं, लायगेज सांधतं. अल्क-बी वेगळंच, ते काही कापतच नाही. लोह, ऑक्सिजन आणि अल्फा-कीटोग्लुटारेट वापरून नुसता मिथाइल काढतं, तो फॉर्माल्डिहाइड होऊन निघतो आणि बेस जागच्या जागी नीट. याचं जीन 1983 ला सापडलं होतं पण ते काय करतं हे कळायला 2002 उजाडलं.

आता माझं सगळ्यात आवडतं, अडा नावाचं प्रोटीन. ग्वानिनवरचा मिथाइल ते स्वतःच्या एका सिस्टीनवर (हे एक अमिनो आम्ल) ओढून घेतं आणि तो परत सुटत नाही, म्हणजे एक रेणू एकच ग्वानिन वाचवतो आणि तिथला त्याचा हात कायमचा संपतो. म्हणून बरेच जण याला सुसाइड एन्झाइम म्हणत असले तरी मला एन्झाइम शब्दच पटत नाही, एन्झाइम पुन्हा पुन्हा वापरता आलं पाहिजे ना. याच अडाला अजून एक सिस्टीन आहे, ती डीएनएच्या फॉस्फेटवरचा मिथाइल घेते, आणि तो घेतला की अडा स्वतःचं जीन, अल्क-ए, अल्क-बी सगळी चालू करतं. म्हणजे मार बसल्याची खूणच ऑर्डर देते.

यामुळेच आधी थोडा डोस दिलेले बॅक्टेरिया नंतरच्या मोठ्या डोसला टिकतात, हे 1977 ला लिओना सॅमसन आणि जॉन केर्न्स यांनी दाखवलं. मी एमएस्सीला हेच एमएमएसवर करून राहिले होते, इथेच नागपूरला, मे महिन्यात. साधा इनक्यूबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही, आणि आमची लॅबच दुपारी चाळीसच्या वर, 37 ला लावलेला काटा 41 दाखवायचा. दोन वेळचं सगळं फुकट गेलं. मग रात्री जाऊन केलं, पुढच्या दिवशी भर दुपार व्हायच्या आत प्लेट बाहेर काढल्या, तर एका प्लेटवर हातावर मोजण्याइतक्या कॉलनी आणि आधी डोस दिलेलीवर दाट पसरलेल्या. डायल्युशन (किती पातळ केलं ते) तेच, दुसरा डोस तोच. ते बघून मी किती वेळ ती प्लेट ट्यूबलाइटसमोर धरून उभी होते.

आणि केमिकल बाहेरूनच यावं असं नाही बरं का, पेशीतलं एसएएम, जे रोजच्या कामात मिथाइल देतं, तेच चुकून डीएनएलाही चिकटवतं. तरी एरवी पेशीत अडा अगदी मोजकं असतं, 2016 च्या एका कामात तर दिसलं की काही पेशींत एकही रेणू नसतो, केवळ योगायोगाने. अशा पेशीत मिथाइल आला तर जीन चालू करणारंच कोणी नाही, काही पिढ्या ती तशीच वाढते आणि म्युटेशन गोळा करते, शेजारची मात्र लगेच सावरलेली असते.

प्रोजेक्ट करायचा असेल तर डिसेंबरमध्ये करा. आणि एमएमएसने कॅन्सर होऊ शकतो, ग्लोव्हज आणि फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायची नाही.