पाठांतर की तर्क?

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयीन प्रश्नमंजूषा स्पर्धांत भाग घेते. ज्या विषयावर तिने काहीच वाचलेले नाही, त्यावरील प्रश्नाचे उत्तरही ती पुष्कळदा अचूक देते. हा निव्वळ अंदाज असतो, की यामागे काही पद्धत असते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पद्धत नक्कीच असते, आणि ती एखादा प्रश्न सोडवून पाहिल्यावरच नीट उमगते. समजा, असे विचारले : ‘1884 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर एका धातूचा लहानसा पिरॅमिड बसवण्यात आला. तेव्हा हा धातू जवळपास चांदीच्या भावाने विकला जाई. 1886 मध्ये एक अमेरिकी आणि एक फ्रेंच तरुण यांनी, एकमेकांच्या नकळत, तो मिळवण्याची एकच रीत शोधली आणि पुढे त्याचा भाव कोसळला. धातू कोणता?’

स्मारकाची माहिती नसली, तरी अडत नाही. तुलनाच चांदीशी असल्याने चांदी बाद होते. सोने आणि प्लॅटिनम आजही महाग आहेत. तांबे किंवा लोखंड त्या काळी चांदीच्या भावाने विकले जाणे शक्य नव्हते. मग ज्याचे खनिज मुबलक, पण ज्याला खनिजातून वेगळे काढणे जिकिरीचे, असा धातू शोधायचा. इथे शाळेतले रसायनशास्त्र मदतीला येते : ॲल्युमिनियम ऑक्सिजनला इतके घट्ट धरून असते, की लोखंडाप्रमाणे ते कोळशाच्या भट्टीत सुटे होत नाही, त्याला वीज लागते, आणि विजेची केंद्रे 1880च्या दशकातच उभी राहू लागली होती. म्हणजे आपल्याकडे ज्याला जर्मनचे पातेले म्हणतात, त्याचाच हा धातू! हॉल आणि एरू ही त्या दोन तरुणांची नावे ज्याला पाठ आहेत, त्याला उत्तर तत्काळ सुचेल; मला मात्र पहिली वाट अधिक मोलाची वाटते.

अशा, तर्काने सोडवता येणाऱ्या प्रश्नांना स्पर्धक ‘वर्केबल’ म्हणतात. प्रश्नकर्त्याने हाच तपशील का दिला असावा, असे ते प्रत्येक शब्दाला विचारतात आणि सुचलेले उत्तर सगळ्या तपशिलांशी जुळेपर्यंत ते पक्के मानत नाहीत. ‘पाउन्स’ घेताना, म्हणजे आपली पाळी नसताना लेखी उत्तर देताना, चुकल्यास बहुधा गुण कापले जातात; तिथे ही पडताळणी फार कामी येते.

तरीही तर्काला लागणारा कच्चा माल वाचनातूनच मिळतो. आपल्या मुलीने त्या विषयावर वाचलेले नसेल, पण आसपासचे बरेच काही वाचलेले असणार.