आधी पॉवर सप्लाय, मग ग्राफिक्स कार्ड

आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतोयस, छान! पण कॅबिनेटसोबत आलेल्या फुकटच्या एसएमपीएसवर (म्हणजे पॉवर सप्लायवर) ते लावू नकोस. डब्यावरच्या ठळक आकड्याला भुलू नकोस; लेबलवर १२ व्होल्टला किती वॉट मिळतात ते वाच. हे कार्ड एकटंच १७० वॉट घेतं आणि क्षणभर त्याहून जास्त ओढतं. कार्डची चिप बनवणारी एनव्हिडिया अख्ख्या पीसीसाठी ५५० वॉट सुचवते. चांगल्या कंपनीचा तेवढा पुरे, ७५० चा हट्ट नको.

नवखे इथे चुकतात:

- '८० प्लस' ही सुरक्षिततेची हमी समजतात. ती फक्त कार्यक्षमतेची खूण. ओव्हरलोड, शॉर्टसर्किट संरक्षण वेगळं बघायचं.
- जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) सप्लायच्या केबल नव्याला जोडतात. प्लग बसतो, पण पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळते.
- सप्लाय उघडतात. हे कधीच नको! प्लग काढल्यावरही आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज उरू शकतं.

सिडकोतलं घर जुनं आहे म्हणालास, तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी खरेदी थांबव. एमजी रोडवरून घेतलास तर पक्कं बिल माग, वॉरंटीला लागतं. सध्याच्या सप्लायच्या लेबलचा फोटो टाक, बघून सांगतो.