स्टिरिओची फिकट हिरवी वायर: बॉडीला अर्थ मारू नका, डायोड लावा

तुमची अडचण थोडक्यात अशी. जुन्या हॅचबॅकमध्ये पुण्याच्या नाना पेठेतून डबल डिन (दुप्पट उंचीचं) व्हिडिओ-नेव्हिगेशन युनिट बसवून घेतलं. हँडब्रेक ओढलाय हे फिकट हिरव्या वायरवरून कळेपर्यंत असं युनिट पुढच्या पडद्यावर व्हिडिओऐवजी सूचना दाखवतं, हेच त्याचं लॉक. बसवणाऱ्याने युनिटची फिकट हिरवी वायर हँडब्रेकच्या वायरला जोडली, तर हँडब्रेक खाली असतानाही मीटरमधला लाल दिवा मिणमिणायला लागला. मग त्याने ती जोडणी काढली आणि आता म्हणतो, ‘बॉडीला अर्थ मारतो, विषय संपला.’ म्हणजे ती वायर थेट गाडीच्या धातूला कायमची जोडायची. तुम्हाला हवंय एवढंच, की मागच्या सीटवरच्या मुलांना कार्टून दिसावं.

अर्थ मारून घेऊ नका. पहिली जोडणी जागेवरच होती, मध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) तेवढा राहिला.

हँडब्रेकच्या बुडाशी छोटा बटणासारखा स्विच असतो, बहुतेक साध्या गाड्यांत एकाच वायरचा. मीटरमधल्या दिव्याला एका बाजूने १२ व्होल्ट सप्लाय मिळतो आणि दुसरी बाजू या स्विचकडे येते. लिव्हर ओढला की स्विच ती वायर बॉडीला टेकवतो आणि दिवा लागतो. म्हणजे इग्निशन चालू असताना या वायरवर लिव्हर खाली असेल तर १२ व्होल्टच्या आसपास आणि वर असेल तर शून्य. युनिटची हिरवी वायर नेमकं हे शून्यच शोधत असते. (पायोनिअर, केनवुड, सोनी यांत ती फिकट हिरवी, अल्पाइनमध्ये पिवळी-निळी. तरी रंगावर न जाता वायरवरची चिठ्ठी वाचा.) युनिटच्या रिव्हर्स कॅमेऱ्याच्या वायरला १२ व्होल्ट हवे असतात, हिला अर्थ. या दोघींची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

आता मिणमिणता दिवा. लिव्हर खाली असताना दिव्यातून आलेला करंट हिरव्या वायरमार्गे युनिटमध्ये शिरतो आणि आतल्या सर्किटमधून अर्थ गाठतो. तो असतो काही मिलिअँपिअरच, पण एलईडी मंद पेटायला तेवढा पुरतो. मध्ये डायोड टाकला की ही वाट बंद. १एन४००७ चालतो, तपकीर गल्लीत सुटा मिळतो, पाच-सहा घेऊन ठेवा. चंदेरी पट्टीची बाजू हँडब्रेकच्या स्विचकडे, दुसरी युनिटच्या हिरव्या वायरकडे. लिव्हर ओढल्यावर युनिटकडून स्विचकडे करंट जाऊ शकतो, उलट येऊ शकत नाही. डायोडवर साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट पडतो आणि बहुतेक युनिट्स तेवढ्याला शून्यच समजतात. एखादं आडून बसलं तर १एन५८१९ हा शॉटकी डायोड लावा, त्यावर याच्या निम्म्याहून कमी व्होल्टेज पडतं.

काही उघडण्याआधी युनिट चालू करून व्हिडिओ लावा आणि हिरव्या वायरचं टोक क्षणभर बॉडीच्या धातूला टेकवा. पडद्यावरची सूचना गेली तर युनिट ठीक आहे. नाही गेली तर मॅन्युअल बघा, कारण काही मॉडेल्सना नुसता अर्थ पुरत नाही, ठरावीक क्रमाने हँडब्रेक ओढणं-सोडणं लागतं. ही फक्त तपासणी, कायमची जोडणी नव्हे.

मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूवर (रंगावर टेकवून उपयोग नाही), लाल पिन कपलरच्या (वायरच्या प्लास्टिक जोडणीच्या) मागच्या बाजूने स्विचच्या वायरला. इग्निशन चालू. लिव्हर वर घेतल्यावर आकडा ०.२ च्या खाली यायला हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर दोष युनिटचा नाही, स्विच गंजलाय. पावसाळ्यात ओल्या बुटांनी कार्पेट भिजतं, कपहोल्डरमधला चहा सांडतो, सगळं तिथेच झिरपतं. स्विच काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, त्याची बॉडीवरची बैठक घासून घ्या. आणि लिव्हर खाली असताना १२ ऐवजी ५ व्होल्ट दिसले, तर ती वायर कंट्रोल मॉड्यूलकडे जाते. तिथे रिले (कॉइलने चालणारा स्विच) लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कॉइलमधून त्या ५ व्होल्टच्या वायरवर १२ व्होल्ट चढतील.

कन्सोल उघडताना घाई नको. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल दोन सीटांमधल्या याच उंचवट्यावर, हँडब्रेकच्या आसपास असतं. पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरना हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही. मापं आधी घ्या, मग इग्निशन बंद करून १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबूनच जोडायला बसा.

०.५ चौरस मिलिमीटरची वायर दीड-दोन मीटर लागते. स्विचच्या वायरचं वेष्टन सेंटिमीटरभर सोला, नवी वायर तिथे गुंडाळा, सोल्डर करा, वर टेप. मूळ वायर तोडायची नाही. दुकानात वेळ वाचवायला निळ्या-लाल चिमट्याचे टॅप मारतात. ते तारेचे दोन-चार धागे कापतात आणि आपल्या खड्ड्यांत सहा महिन्यांत ढिले होतात, मग ‘व्हिडिओ कधी लागतो, कधी नाही’ ही तक्रार सुरू. डायोडच्या दोन्ही पायांवर आणि अंगावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. वायर हँडब्रेकच्या केबलपासून आणि लिव्हरच्या हालचालीपासून लांब न्या, लिव्हर पूर्ण वर-खाली करून बघा, मगच टाय बांधा. वर कापडी टेप गुंडाळली तर खडखड होत नाही.

युनिटची काळी, म्हणजे अर्थची वायर कुठे जोडली आहे तेही बघा. ती नुसती स्टिरिओच्या पत्र्याला टेकवलेली असेल तर युनिटचं शून्य आणि हँडब्रेकचं शून्य वेगळं पडतं. युनिट चालू ठेवून काळी वायर आणि स्विचची पट्टी यांच्यात मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको.

(इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाडीला यातलं काही लागू नाही. तिथे लिव्हरचा स्विच नसतो आणि मोटरच्या वायरना टॅप मारायचा नसतो. हँडब्रेकचा वेगळा आउटपुट देणारा, त्या मॉडेलसाठीचा कॅन इंटरफेस (गाडीच्या डिजिटल वायरिंगमधले संदेश वाचणारी डबी) घ्या.)

बॉडीला अर्थ मारण्याबद्दल. त्याने लॉक सुटेलही, पण मग ताशी ६० ने चालत्या गाडीत चालकासमोर सिनेमा सुरू राहील. त्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते, दोन सेकंद नजर पडद्यावर गेली की ३३ मीटर. सिंहगड रोडवर तेवढ्यात तीन दुचाक्या आडव्या येतात. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही गाडी चालवताना व्हिडिओ बघायला मनाई आहे, सूट फक्त रस्ता शोधण्यापुरती. नकाशा या लॉकमुळे बंद होत नाही. काही युनिट्समध्ये पत्ता टाइप करणं किंवा ब्लूटूथ जोडणं तेवढं अडतं, ते निघण्याआधी उरका.

आणि मुळात तुम्हाला पुढचा पडदा नकोच आहे. युनिटच्या मागे ‘रिअर व्हिडिओ आउट’ची पिवळी आरसीए (व्हिडिओ केबल लावायची गोल पिन) असेल तर ती सहसा या लॉकखाली येत नाही. मॅन्युअलमध्ये खात्री करा. हेडरेस्टच्या पडद्यापर्यंत चार-पाच मीटरची व्हिडिओ केबल लागेल, ऑडिओची पातळ केबल वापरू नका. पडद्यांना सप्लाय युनिटच्या लाल वायरवरून न घेता फ्यूजबॉक्समधल्या अॅक्सेसरी सर्किटवरून, स्वतंत्र फ्यूज टाकून घ्या. फोनवरून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले लावलं असेल तर ते चित्र बऱ्याच युनिट्समध्ये मागे जात नाही, म्हणून कार्टून पेन ड्राइव्हवर भरून ठेवा.

गुलाबी वायर मोकळी दिसली तर ती स्पीडची. अंदाजाने कुठेही जोडू नका. ती नीट जोडलेली असेल तर कात्रजच्या बोगद्यात जीपीएस गेलं तरी नकाशावरची गाडी सरकत राहते, नाहीतर तेवढा वेळ थांबते, बाकी काही बिघडत नाही.

कन्सोल बंद करण्याआधी बॅटरी जोडून युनिट चालू आणि बंद, दोन्ही वेळा लिव्हर वर-खाली करून लाल दिवा बघा. लिव्हर खाली असताना अंधारात मीटरवर हात आडवा धरून बघा, मंद उजेडही दिसता कामा नये. शेवटी एक गोष्ट, जी कुणी तपासत नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याची सूचनाही याच वायरवरून याच दिव्याला येते. लिव्हर खाली ठेवून ब्रेक ऑइलच्या डबीवरच्या सेन्सरचा फ्लोट हलवा, दिवा पूर्वीसारखाच लख्ख लागायला हवा. आणि पुढेमागे हँडब्रेक न ओढता व्हिडिओ आपोआप सुरू झाला, तर युनिट उघडण्याआधी बॉनेट उघडून ऑइलची पातळी बघा.