क्लाउनफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर

भावा, औषधाची बाटली आधी खाली ठेव. पहिलं काम पाण्याचं. अमोनिया, नायट्राइट शून्य हवेत, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास. आपल्या सांगलीत एप्रिल-मेमध्ये टाकी सहज ३० अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी, मासा तेवढ्यानेही धापा टाकतो. झाकण काढ, पाण्यावर पंखा लाव.

मग टॉर्च तिरकी धरून मासा नीट बघ. मिठाच्या दाण्यांसारखे सुटे, मोजता येतील असे ठिपके म्हणजे बहुधा मरीन इच, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांना होणारा परजीवीचा रोग. पिठी भुरभुरल्यासारखा थर, कल्ल्यांची जोरात उघडझाप, उजेड टाळणं, हे व्हेल्वेट, दुसऱ्या परजीवीचा रोग. त्यात उद्यावर ढकलू नकोस, मासा एका रात्रीत जातो.

उपचार वेगळ्या टाकीतच. कॉपर (तांब्याचं औषध) दे, पण टेस्ट किटने रोज मोजून. मुख्य टाकीत ते पडलं तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी हातच्या गेल्या.

ठिपके दोन-चार दिवसांत गळले की बरा झाला समजू नकोस. मी समजलो, आणि माझा पिवळा टँग मासा गेला, अजून जीवाला लागतं. ठिपका म्हणजे इचचा परजीवी, तो गळतो तो खाली वाळूत जाऊन वाढायलाच. तिथून नवी पिल्लं मासा शोधत सुटतात. म्हणून मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेव, पंप-फिल्टर मात्र चालूच.