घंटा झाल्यावरचे सर

"मॅडम, मी वर्गात असतो तेवढाच असतो. घंटा झाली की मी कोण, हे मलाच कळत नाही."

५२ वर्षांचे इतिहासाचे सर. तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात २६ वर्षं नोकरी. जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी त्यांना बायको घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शिक्षकांच्या तोंडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकते, की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

पहिल्या भेटीत मी सहज आवडता धडा विचारला. चाळीस मिनिटं गेली. खानदेशचे फारुकी सुलतान, १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडलेला असीरगड, १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशचे केलेले पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे. माझ्या टेबलावरचं पेन त्यांनी खडूसारखं धरलं होतं. माणूस फुलला होता अगदी. मग मी विचारलं, "सर, काल रात्री काय जेवलात?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"शेवभाजी होती," ती म्हणाली. "मी विचारलं, तिखट झालीय का? तर म्हणे, हो, पुढच्या आठवड्यात घेऊ."

तिघंही हसलो. पण हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

इथे माझी चूक सांगते. मी त्यांना छंद सुचवला. भटका, फोटो काढा. महिन्याभरात सर पितळखोऱ्याच्या लेण्यांना दोनदा जाऊन आले, दुसऱ्यांदा पस्तीस पोरांना घेऊन! छंदाचा उपक्रम झाला, उपक्रमाचा अहवाल. सकाळी फिरायला जा म्हटलं, तर चालता चालता पुढच्या तासाचं टाचण तयार. आवड कमी करायची नव्हतीच, ती तर त्यांची कमाई. अडचण वेगळी होती: हा माणूस भेटेल त्याला शिकवायचा. बायकोला, मुलीला, दूधवाल्यालासुद्धा.

त्यामागची भीतीही हळूहळू बाहेर आली. आर्ट्सची तुकडी दरवर्षी आक्रसतेय. कार्यभार, म्हणजे तास, घटला तर 'अतिरिक्त', म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचे शिक्षक ठरू. नाहीतरी ५८ ला निवृत्ती आहेच. मग कोण ऐकणार?

वर एक वाक्य ठरलेलं, "साने गुरुजींना कुठं संसार होता?" खानदेशात शिक्षकाला गुरुजींच्या मापानंच मोजतात, आणि बरेच जण त्याखाली दबतात. मी म्हटलं, सर, गुरुजी अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३०, म्हणजे सहाच वर्षं होते. मग नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. आणि पोरांना ते आठवतात ते वसतिगृहातले. आजारी मुलाशेजारी बसणारे, मुलांचे कपडे धुणारे. वर्गाबाहेरचेच की!

सर बराच वेळ गप्प होते. इतिहासाच्या माणसाला तारखांनी गाठावं लागतं, हे मी तेव्हा शिकले.

मग गृहपाठ दिला. आठवड्यातून एकदा अशा माणसापाशी जायचं, ज्याच्यापुढे तुम्ही कच्चे. सांगायचं काही नाही, हाताखाली काम करायचं.

थंडीचे दिवस होते. चुलतभावाच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर भरताची हिरवी वांगी. सरांकडे मिरच्या भाजायचं काम आलं. पुढचं त्यांनीच सांगितलं: "मी म्हटलं, ही मिरची आपली नाही बरं का, पोर्तुगीजांनी आणली. एवढ्यात भाऊ ओरडला, सर, पोर्तुगीज राहू द्या, मिरची जळाली!" मग ठेचायला बसवलं, तर वांग्याचा अर्धा गर बाहेर. शेजारी आई बसली होती, ऐंशीच्या घरातली. तिनं मुसळी हातातून काढून घेतली. "तुले येत नही रे भाऊ."

"किती वर्षांनी कुणी मला असं म्हटलं, मॅडम," सर म्हणाले. आवाज जरा घोगरा झाला होता.

हे सगळ्यांनाच लागू नाही. झोप उडाली असेल, आवडता तासही नकोसा वाटत असेल, जगण्यातच राम वाटत नसेल, तर भरीत-बिरीत बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरांचं तसं नव्हतं. वर्गात ते आजही भन्नाट शिकवतात, आणि घरी अधूनमधून तास घेतातच.

कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, गाणी आता ते आईकडून उतरवून घेतात. पहिल्यांदा वही-पेन घेऊन बसले तर तिनं हाकललं, आधी म्हणायला शीक म्हणाली. सूर लागत नाही. बायको दाराआड उभी राहून हसते, आणि सरांना ते कळतं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. "मॅडम, परवा हे जेवता जेवता म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. इतकं बरं वाटलं!"